टॅप कोठला? – सरकारी खरेदीतला एक लहानसा धडा

२००६ साली माझी बदली कोलकात्याला झाली. हुगळीच्या काठी आमच्या खात्याची एक जुनी दुरुस्ती कार्यशाळा होती आणि तिच्या खर्चाच्या फायली वित्तीय संमतीसाठी माझ्याकडे येत. मी अर्थशास्त्राचा एम.ए. मागणी-पुरवठ्याचे आलेख मला डोळे मिटून काढता येत, पण लेथ कशाला म्हणतात आणि मिलिंग कशाला, याचा गंध नव्हता. तरीही कार्यशाळेने काय घ्यावे आणि किती रुपयांना घ्यावे यावर शेवटचा शेरा माझा असे. आपल्या प्रशासनात हे विचित्र मानले जात नाही, आणि मलाही तेव्हा ते विचित्र वाटले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात एक फाइल आली. एम-१० मापाच्या टॅपचे १२ संच फोरमनने बाजारातून परस्पर घेतले होते, दर संचाला ३४० रुपये. भांडारात त्याच मापाचे संच शिल्लक होते आणि ते रीतसर निविदेने ९५ रुपयांना घेतलेले होते. तेव्हा या खरेदीला कार्योत्तर मंजुरी द्यावी की नाही, असा प्रश्न होता. मी समासात लिहिले, "कार्यशाळेत नळाच्या इतक्या तोट्या कशासाठी लागतात, याचा खुलासा व्हावा."

तीन दिवसांनी फाइल परत आली. फोरमनने स्वतःच्या हाताने लिहिले होते की हा पाण्याचा नळ नव्हे, लोखंडात आटे पाडायचे हत्यार आहे. साहेबांनी सवडीने एकदा कार्यशाळेत यावे.

मी गेलो. फोरमन पन्नाशीचे बंगाली गृहस्थ होते. माझ्या शेऱ्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी टेबलावर तीन टॅप ओळीने मांडले आणि शाळेतल्या मुलाला शिकवावे तसे मला शिकवले. ते थोडक्यात येथे सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

बोल्टला बाहेरून आटे असतात. तो ज्या भोकात बसवायचा त्या भोकाला आतून आटे लागतात, आणि ते टॅपने पाडतात. एम-१० म्हणजे बोल्टचा बाह्य व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर. त्यासाठी आधी साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडायचे, मग टॅप पान्ह्यात धरून आत फिरवायचा. हाताने आटे पाडायच्या संचात तीन टॅप असतात. पहिल्याचे टोक लांबवर निमुळते, सात ते दहा आट्यांपर्यंत. दुसऱ्याचे तीन ते पाच. तिसऱ्याचे जेमतेम एक-दोन, कारण त्याला भोकाच्या तळापर्यंत आटे न्यायचे असतात. टॅपच्या अंगावर उभ्या खोबणी असतात, त्यांतून लोखंडाचा कीस बाहेर येतो. धार बोथट असली, खोबण खडबडीत असली किंवा पोलाद ठिसूळ असले, तर कीस अडकतो आणि टॅप भोकातच मोडतो.

"मोडला तर काढायचा," मी म्हणालो.

फोरमन हसले. "सर, तो भोकापेक्षा कठीण असतो. ड्रिलने निघत नाही. तो वाचला तर काम जाते आणि काम वाचवायचे तर हावड्याला पाठवावे लागते."

महिन्यापूर्वी तेच घडले होते. पंपाच्या एका बिडाच्या आवरणाला बारा भोके होती. अकराव्या भोकात भांडारातला टॅप मोडला. आवरण हावड्याच्या एका कारखान्यात पाठवले, तेथे विजेच्या ठिणग्यांनी मोडका तुकडा जाळून काढला. त्याचे १,२०० रुपये लागले आणि आठ दिवस पंप बंद राहिला. दुसरे आवरण हाती घेतले तेव्हा व्यवस्थापक रजेवर होते. काम थांबवायचे नव्हते, म्हणून फोरमनने किरकोळ खर्चाच्या अग्रिमातून चांगले टॅप आणले.

मग त्यांनी मला ग्राइंडरपाशी नेले. भांडारातल्या टॅपचा दांडा फिरत्या चाकाला लावला. पांढऱ्याशुभ्र, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्यांचा झोत निघाला. मग बाजारातून आणलेला टॅप लावला. ठिणग्या थोड्या, आखूड, मंद तांबूस. "हे हायस्पीड पोलाद," ते म्हणाले, "आणि ते पहिले साधे कार्बनचे. दोघांवर अक्षरे एकच कोरलेली आहेत, एच.एस.एस."

त्यांची एक वहीही होती. निविदेतला संच सरासरी तीसेक भोकांपर्यंत टिकत होता. चांगल्या संचाने अडीचशे भोके पार केली होती आणि तो अजून चालू होता. म्हणजे स्वस्त टॅपचा खर्च भोकामागे तीन रुपयांहून जास्त आणि महागाचा दीड रुपयाहून कमी. हावड्याचे १,२०० रुपये यात धरलेलेच नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. स्वस्त टॅपच्या डबीवर ठळक अक्षरांत "जर्मन तंत्रज्ञान" असे छापलेले होते. तो कोठे बनला हे मात्र डबीवर कोठेच नव्हते. महागाच्या डबीवर कोणताही दावा नव्हता, फक्त बनवणाऱ्याचे नाव आणि औरंगाबादचा पत्ता. "आपल्याच मुलखातला आहे, सर," फोरमन म्हणाले. मला कौतुक वाटले. आजचे छत्रपती संभाजीनगर मला लेण्यांसाठी ठाऊक होते, टॅपसाठी नव्हते.

हे सगळे डोळ्यांनी पाहून मी कार्यालयात आलो आणि फाइलवर काय लिहिले? "भांडारात माल उपलब्ध असताना सुमारे साडेतीन पट दराने खरेदी झाली आहे. दर्जाबाबतचे म्हणणे कागदोपत्री सिद्ध होत नाही. दरातील फरक संबंधिताकडून वसूल करावा." फरक २,९४० रुपयांचा होता. दरमहा ९८० प्रमाणे तीन हप्त्यांत तो फोरमनच्या पगारातून कापला गेला.

सही करण्याआधी ते एकदा मला भेटायला आले होते. मी त्यांना म्हणालो होतो, "मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण ठिणग्या फाइलला लावता येत नाहीत." तेव्हा हे वाक्य मला फार चतुर वाटले होते.

*

या घटनेला जवळजवळ वीस वर्षे झाली. मधल्या काळात अनेक खात्यांच्या खरेदीशी माझा संबंध आला आणि या २,९४० रुपयांकडे मी पुन्हा पुन्हा वळत राहिलो. चूक नेमकी कोठे झाली? नियमांची होती की माझी?

आधी नियम पाहू. २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांत १४५ क्रमांकाचा नियम होता. १५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रके न मागवता घेता येत असे. अट इतकीच की सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणपत्र द्यावे. त्या प्रमाणपत्राचा आशय असा, की वस्तू आवश्यक त्या दर्जाची व विनिर्देशाची आहे, ती विश्वासार्ह विक्रेत्याकडून आणि वाजवी किमतीला घेतली आहे, याबद्दल माझी स्वतःची खात्री झाली आहे. २०१७ च्या नियमावलीत हाच नियम १५४ क्रमांकाने आला आणि मर्यादा २५,००० झाली.

या प्रमाणपत्राचा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. दर्जा आधी, विक्रेता मग, किंमत शेवटी. मी मात्र ते उलटीकडून वाचले. किंमत पाहिली आणि तेथेच थांबलो. कारण किंमत हा आकडा आहे, तो दोन फायलींतून शेजारी शेजारी ठेवता येतो. दर्जा समजून घ्यायला ग्राइंडरपाशी उभे राहावे लागते, आणि मी तर तेथे उभाही राहिलो होतो. ती खरेदी रजेवरून परतल्यावर व्यवस्थापकांच्या प्रमाणपत्राने नियमित करता आली असती. तो मार्ग मी सुचवला नाही.

खेदाची बाब ही, की या प्रश्नाचे शास्त्र माझ्याच विषयात होते. जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध १९७० सालचा. त्यासाठी २००१ मध्ये त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत द्यायला तयार होतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजार सोडतो. मग सरासरी आणखी खाली येते. शेवटी बाजारात उरतो तो फक्त वाईट माल.

सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे हा निबंध सरकारने स्वतःवर करून घेतलेला प्रयोगच होय. विनिर्देशात आम्ही लिहितो, "टॅप, एम-१०, एच.एस.एस., तीनचा संच." हे वर्णन ९५ रुपयांच्या टॅपलाही लागू पडते आणि ३४० च्याही. मग चांगला उत्पादक आमच्या निविदेकडे फिरकत नाही. त्यानंतर आम्ही तक्रार करतो की सरकारी भांडारात चांगला माल येतच नाही.

*

आता दुसरा प्रश्न. दर्जा ओळखणे अवघड आहे, तर माणूस सोपी खूण शोधतो. सर्वांत सोपी खूण म्हणजे देशाचे नाव. बाजारात आजही विचारतात, "माल कोठला?" जर्मन म्हटले की मान डोलते, जपानी म्हटले की पाकीट उघडते, चिनी म्हटले की नाक मुरडते. ही खूण कितपत खरी?

इतिहास पाहिला तर मौज वाटते. "मेड इन जर्मनी" ही अक्षरे जर्मनांनी अभिमानाने निर्माण केली नाहीत. ब्रिटिशांनी ती लादली. झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्यांवर शेफिल्डच्या खुणा उमटवून त्या विकल्या जात, अशी शेफिल्डकरांची तक्रार होती. म्हणून १८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांचा कायदा केला. परदेशी मालावर फसवी इंग्रजी खूण चालणार नाही, मूळ देश सांगावा लागेल, असा त्याचा परिणाम झाला. हेतू होता लोकांनी हलका जर्मन माल ओळखून टाळावा हा. तत्पूर्वी १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातल्या जर्मन मालाला खुद्द जर्मन अभियंते फ्रान्झ रॉयलो यांनी स्वस्त आणि वाईट ठरवले होते. पण जर्मन कारखानदारांनी दर्जा सुधारला आणि बदनामीसाठी लावलेली चिठ्ठी एका पिढीत बिरुद होऊन बसली.

जपानचेही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानी माल म्हणजे तकलादू, असेच जग समजत होते. १९५० मध्ये डेमिंग यांनी तेथे संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्याने दिली, १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले, आणि १९५७ मध्ये जपानने निर्यात मालाच्या तपासणीचा कायदा केला. वाईट माल देशाबाहेर गेला तर एका कारखान्याचे नव्हे, साऱ्या देशाचे नाव जाते, हे त्या सरकारने ओळखले. टॅप बनवणाऱ्या जपानी कंपन्यांना आज जो मान आहे तो असा मिळवलेला आहे. (आपल्याकडेही निर्यात मालाच्या तपासणीचा कायदा १९६३ मध्ये झाला. परदेशी ग्राहकासाठी जी काळजी आपण तेव्हा घेतली ती आपल्याच कार्यशाळेतल्या फिटरसाठी का घेऊ नये, हा माझा जुना प्रश्न आहे.)

यावरून मी दोन गोष्टी शिकलो. देशाचे नाव ही दर्जाची खूण होऊ शकते, पण ती कालची खूण असते; कारखाने सुधारतात, घसरतात, आणि लोकांचे मत त्यांच्या मागून बऱ्याच वर्षांनी येते. आणि खूण जितकी मौल्यवान, तितकी तिची चोरी जास्त. कोलकात्याच्या डबीवर "जर्मन तंत्रज्ञान" छापले होते ते यामुळेच.

शिवाय "बनला" म्हणजे काय, हेही आता सरळ राहिलेले नाही. टॅपचेच घ्या. नेहमीच्या वापरातल्या हायस्पीड पोलादात साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते. (हायस्पीड पोलादाची उष्णता-प्रक्रिया शोधली ती बेथलेहेम पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी, १९०० च्या आसपास. लोकप्रशासनाच्या पुस्तकात "शास्त्रीय व्यवस्थापन" या प्रकरणात भेटणारे टेलर ते हेच.) साधे कार्बन पोलाद अडीचशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, हे पोलाद सहाशे अंशांच्या घरातही धार धरून राहते. ही किमया त्या धातूंची. आणि जगातल्या टंगस्टन उत्पादनापैकी सुमारे ८० टक्के एकट्या चीनमध्ये होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा हत्यारे बनवणाऱ्या सगळ्या देशांना याची जाणीव झाली. आपली राजस्थानातली डेगाण्याची टंगस्टनची खाण १९९० च्या दशकात बंद पडली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, तीत टंगस्टन आणि मॉलिब्डेनम दोन्ही आहेत.

तेव्हा चिनी टंगस्टन, युरोपातली सळई, भारतातले ग्राइंडिंग आणि कोणाची तरी डबी, असा टॅप असेल तर तो कोठला? सीमाशुल्काच्या दृष्टीने उत्तर देता येते. हायस्पीड पोलादाची सळई ७२२८ या शीर्षाखाली मोडते आणि आटे पाडायचे हत्यार ८२०७ खाली. जेथे सळईचे हत्यार झाले तो देश महत्त्वाचा. मला हे उत्तर पटते, कारण टॅपचा जीव उष्णता-प्रक्रियेत आणि आट्यांच्या ग्राइंडिंगमध्ये असतो. तयार टॅप आणून डबीत भरला, दांड्यावर नाव कोरले, तर तो येथला होत नाही.

सरकारी धोरणाने या प्रश्नाला हात घातला आहे. २०१७ च्या "मेक इन इंडिया" प्राधान्य आदेशात, २०२० मधील सुधारणेनंतर, ५० टक्के किंवा अधिक स्थानिक मूल्य असणारा पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० ते ५० टक्क्यांचा दुसऱ्या वर्गात धरला गेला. जेम या खरेदी संकेतस्थळावर जून २०२० पासून नवीन वस्तू नोंदवताना मूळ देश सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले. हे योग्यच झाले. पण दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हा आदेश पाच लाखांखालील खरेदीला लागू नाही, आणि टॅप-ड्रिलसारखी हत्यारे बहुधा त्याखालीच घेतली जातात. लहान रकमांत स्थानिक मूल्याचा पुरावा म्हणजे विक्रेत्याचे स्वतःचेच प्रमाणपत्र. लेखापरीक्षकाचा दाखला लागतो तो दहा कोटींच्या वर. आणि मुळात टक्केवारी किमतीची आहे. किती रुपयांची भर येथे पडली हे ती सांगते. टॅप किती भोके टिकेल हे ती सांगत नाही, आणि सांगण्याचा तिचा दावाही नाही.

मी स्वदेशीच्या विरुद्ध आहे असा कोणी अर्थ काढू नये. उलट चांगले टॅप बनवणारे कारखाने आपल्याकडे पूर्वीपासून आहेत: वाळूजला आहेत, नागपूरला आहेत, चेन्नईला आहेत. त्यांचे खरे नुकसान परदेशी टॅप करीत नाही. ते करतो देशाचे नाव मिरवणारा, पण कोणाच्याच नावाने न विकला जाणारा ९५ रुपयांचा टॅप. आणि त्याला गिऱ्हाईक मिळवून देतो आमच्यासारखा अधिकारी.

*

मग टॅप ओळखावा कसा? फोरमनकडून आणि पुढे इतर कारागिरांकडून जे शिकलो ते मांडतो.

१. दांड्यावर काय कोरले आहे ते वाचावे. माप, आट्यांमधले अंतर, पोलादाचा प्रकार, सैलपणाचा वर्ग (सामान्यतः ६एच) आणि बनवणाऱ्याचे नाव. ज्याने आपले नाव हत्यारावर घातले आहे, त्याला ते गमावण्याची भीती असते. केवळ डबीवरचे नाव म्हणजे डबीचे नाव.

२. भिंगातून आटे पाहावेत. ग्राइंड केलेले आटे स्वच्छ आणि एकसारखे दिसतात. निमुळत्या टोकाची धार सर्व बाजूंनी सारखी हवी; एका बाजूला कमी असेल तर सारा भार उरलेल्या धारांवर येतो आणि भोक मोठे पडते. खोबणीही गुळगुळीत हवी.

३. एक नमुना ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहाव्यात. मग रॉकवेल यंत्रावर कडकपणा मोजावा. हायस्पीड टॅप सी मापावर ६३ ते ६६ च्या दरम्यान असावा. ठिणग्यांनी फसवणूक कळते, कडकपणाने उष्णता-प्रक्रिया कळते.

४. शेवटची आणि खरी परीक्षा भोकाची. ज्या धातूवर काम करायचे त्याच धातूच्या तुकड्यात आटे पाडून "जातो-जात नाही" गेजने तपासावेत. एक टोक गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये.

यातली एकही गोष्ट मूळ देशावर अवलंबून नाही. जर्मन, जपानी, भारतीय, चिनी, प्रत्येक टॅप या चार पायऱ्यांवर उभा करावा. चीनमध्येही उत्तम टॅप बनतात. पण ते ९५ रुपयांच्या निविदेत येत नाहीत.

*

येथे माझे सहकारी एक रास्त आक्षेप घेतील. "दर्जा" हा शब्द भ्रष्टाचाराची सर्वांत जुनी पळवाट आहे. ठरावीक दुकान, ठरावीक नाव, मोठी खरेदी तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्यावर "दर्जाबाबत खात्री झाली" असा शिक्का. मी अशा फायली पाहिल्या आहेत. कमी दराचा नियम कोणाच्या तरी मूर्खपणातून आलेला नाही, तो अशा अनुभवांतून आला आहे. २०१७ च्या नियमांतला १४४ वा नियम म्हणूनच सांगतो की विनिर्देशात विशिष्ट व्यापारनाम नसावे.

पण तोच नियम त्याच ठिकाणी असेही सांगतो, की वर्णन वस्तुनिष्ठ आणि मोजता येण्याजोगे असावे आणि त्यात तांत्रिक, गुणात्मक व कार्यक्षमतेची लक्षणे असावीत. म्हणजे नाव लिहू नका, मापे लिहा. "अमुक कंपनीचा टॅप" लिहिण्याची गरजच नाही. "अमुक कडकपणा, अमुक सैलपणाचा वर्ग, अमुक धातूत अमुक इतकी भोके गेजमध्ये बसतील अशी, नमुना चाचणीत उतरला तरच किंमत उघडली जाईल" असे लिहिले की ९५ वाला आपोआप गळतो, आणि कोणावर कृपा केली असे कोणी म्हणू शकत नाही. एका टॅपवर ही चाचणी अर्ध्या दिवसाची आहे. ज्या कार्यशाळेत यंत्र नाही तिने लुधियाना, कोलकाता, भुवनेश्वर, इंदूर, अहमदाबाद किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी टूल रूमची मदत घ्यावी. या संस्था केंद्र सरकारच्याच आहेत आणि हे त्यांचे रोजचे काम आहे.

मी आणखी दोनच सूचना करीन. पहिली, फोरमनची वही हा अधिकृत दस्तऐवज करावा. कोणत्या पुरवठ्यातला टॅप किती भोके टिकला, याची नोंद भांडाराच्या नोंदवहीत असावी आणि पुढच्या निविदेत ती वाचली जावी. दुसरी, माल स्वीकारण्याच्या दाखल्यावर भांडारपालाच्या जोडीने हत्यार वापरणाऱ्याची सही असावी. आज आपल्याकडे मागणी करणारा, विकत घेणारा, पैसे मंजूर करणारा आणि तपासणारा यांच्या सह्या लागतात. जो ते हातात धरतो त्याची कोणी विचारत नाही.

*

त्या वसुलीनंतरची हकीकत सांगून थांबतो. २,९४० रुपयांची सरकारला बचत झाली, असे त्या वर्षीच्या अहवालात लिहिले गेले. फोरमनने अपील केले नाही. मी आणखी दोन वर्षे तेथे होतो. त्या दोन वर्षांत कार्यशाळेकडून जादा दराची एकही मागणी आली नाही. भांडारातून जे येई ते ते वापरीत, मोडले की मोडल्याची नोंद करीत, आवरण हावड्याला पाठवीत आणि त्याचे बिल माझ्याकडे येई. ते बिल रीतसर असल्यामुळे मी ते प्रत्येक वेळी मंजूर केले.

एकदा मी त्यांना विचारले की वही अजून ठेवता का. ते म्हणाले, "नाही सर. आता काय उपयोग?"

सरकारचे त्या व्यवहारात काय बुडाले, याचा हिशेब मी तेव्हा केला नाही. ज्याला खरे-खोटे टॅप ठिणग्यांवरून ओळखता येत होते, असा एक माणूस आमच्या पगारपत्रकावर होता. त्याला गप्प बसायला मी तीन हप्त्यांत शिकवले.

ठिणग्या फाइलला लावता येत नाहीत, हे खरेच आहे. पण कडकपणाच्या चाचणीचा एका पानाचा अहवाल लावता येत होता. तो मागवण्यासाठी मला फक्त एक ओळ लिहायची होती. ती ओळ लिहिण्याचा अधिकार आपल्यापैकी प्रत्येक अधिकाऱ्याकडे आजही आहे. पुढच्या वेळी तुमच्यासमोर एखाद्या फोरमनची, फिटरची किंवा प्रयोगशाळा-सहायकाची "महाग" मागणी आली, तर दरांचा तक्ता मागवण्याआधी ती ओळ लिहून पाहा.